ठसका आणि पदर

२०२२ साली साधारण दोन महिन्यांच्या अंतराने दोन गायिका गेल्या. ४ ऑक्टोबरला अमेरिकेत टेनेसी राज्यात लोरेटा लिन, वय वर्षं ९०. आणि १० डिसेंबरला आपल्या मुंबईत, गिरगावात, सुलोचना चव्हाण, वय वर्षं ८९. एक कंट्री म्युझिकची राणी, दुसरी लावणीसम्राज्ञी. दोघींनी एकमेकींचं नाव तरी ऐकलं होतं की नाही कोण जाणे! पण या दोघींवर लोकांनी जे प्रेम केलं त्याची जात एकच आहे, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. म्हणून या शनिवारी कोड, रिलीज आणि अप्रेझल बाजूला ठेवून थोडा इतिहास.

लोरेटाबाईंचं मला कळलं ते क्लायंटकडून. रात्रीच्या कॉलवर पलीकडचा मॅनेजर (पन्नाशीचा, एरवी 'हाय ऑल' म्हणून थेट बग लिस्टवर येणारा माणूस) पहिली पाच मिनिटं तिच्याबद्दलच बोलत होता. त्याची आई तिची गाणी स्वयंपाक करताना म्हणायची वगैरे. डिसेंबरात सुलोचनाबाई गेल्या तो शनिवार होता. सोमवारी ऑफिसात कोणी विषय काढला नाही. टीममध्ये आम्ही सहा मराठी पोरं. गंमत म्हणजे सहाही जणांनी कॉलेजच्या गॅदरिंगपासून चुलत बहिणीच्या हळदीपर्यंत सुलोचनाबाईंच्या आवाजावर शिट्ट्या मारलेल्या आहेत, नाचलेलं आहे. आवाज पाठ, बाई अनोळखी. याला प्रेम म्हणायचं का? मला वाटतं म्हणायचं. पण ते असं का झालं ते समजायला जरा मागे जावं लागेल.

तर पहिली गोष्ट म्हणजे सुलोचनाबाई 'गावाकडच्या' अजिबात नव्हत्या. पक्क्या मुंबईकर. १३ मार्च १९३३ चा जन्म, गिरगावातली फणसवाडी. माहेरचं नाव सुलोचना कदम. घरचा श्रीकृष्ण बाळमेळा होता. मेळा म्हणजे काय हे आपल्या पिढीला सांगावं लागतं. गणेशोत्सवात गल्लीगल्लीतून गाणी, नाच, छोटे प्रवेश करणारी पोरांची मंडळं असायची, त्यांना मेळे म्हणत. त्यातून ही मुलगी लहानपणीच स्टेजवर आली. मराठीच नव्हे, गुजराती आणि उर्दू नाटकांतही बालभूमिका केल्या. गाण्याची रीतसर तालीम अशी नाहीच. घरी ग्रामोफोनच्या रेकॉर्ड्स होत्या, त्या ऐकायच्या आणि गुणगुणायच्या, एवढाच रियाज. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास 'कृष्ण सुदामा' नावाच्या हिंदी चित्रपटासाठी पहिलं पार्श्वगायन.

यानंतरची दहाएक वर्षं ती 'सुलोचना कदम' या नावाने हिंदीत गात होती. १९५१ च्या 'ढोलक' चित्रपटात मोहम्मद रफीबरोबर तिची गाणी आहेत, संगीतकार श्यामसुंदर. जुन्या हिंदी गाण्यांचे दर्दी आजही 'ढोलक'चं नाव काढलं की कान टवकारतात. मन्ना डे यांच्याबरोबर भोजपुरीत रामायण गायलं. गुजराती, पंजाबीतही गायली. म्हणजे त्या वेळच्या हिंदी सिनेमात हळूहळू जागा पक्की करत चाललेली, तयार गळ्याची गिरगावातली मुलगी. आता या रिझ्युमेत लावणी कुठे बसते सांगा!

लावणी आली ती आधी अत्र्यांच्या 'हीच माझी लक्ष्मी'मधून. संगीत वसंत देसाईंचं, पडद्यावर हंसा वाडकर. आणि मग १९५३ मध्ये श्यामराव चव्हाणांशी लग्न झालं. श्यामराव चित्रपट दिग्दर्शक, 'कलगीतुरा' हा त्यांचा चित्रपट. त्यांना लावणीची चांगली जाण होती. सुलोचनाबाईंनी पुढे वारंवार सांगितलंय की लावणी कशी गायची हे मला नवऱ्याने शिकवलं. सूर त्यांच्याकडे होतेच. शिकायची होती ती शब्दफेक. कुठला शब्द दाबायचा, कुठला सोडायचा, कुठे श्वास अडवून धरायचा आणि ढोलकीची थाप पडली की कुठे तो सोडून द्यायचा.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याला 'ठसका' म्हटलं की तो जन्मजात असतो, मातीतून वगैरे येतो असं वाटतं. इथे एक फणसवाडीतली मुलगी अक्षरशः शब्दाशब्दाने घाटावरची भाषा शिकली. 'हाय', 'न्हाय', 'पुसता', 'म्हनत्यात' हे तिच्या घरचे उच्चार नव्हते. आणि मग १९६२ साली आलेल्या 'रंगल्या रात्री अशा' या चित्रपटात जगदीश खेबुडकर नावाच्या कोल्हापूरच्या एका शाळामास्तरांनी आपलं पहिलं चित्रपटगीत लिहिलं. वसंत पवारांनी चाल लावली. त्या लावणीतली नायिका स्वतःला कोल्हापूरची मिरची म्हणवते. सुलोचनाबाईंनी ते अशा काही तिखटपणे म्हटलं की गेली साठ वर्षं लोक त्यांना कोल्हापूरच्याच समजतात! गिरगावकर बाईला कोल्हापूरने दत्तक घेतलं म्हणा ना.

आता जरा लावणीबद्दल. घाबरू नका, लेक्चर देत नाही. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ या शाहिरांनी लावणीला नावारूपाला आणलं. काही लावण्या बसून गायच्या, अदाकारीने रंगवायच्या, ती बैठकीची लावणी. काही फडावर ढोलकीच्या तालावर नाचून म्हणायच्या. यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लावणीत बोलते बाई, पण शब्द जवळजवळ नेहमी पुरुषाचे. शाहीर पुरुष, पुढे सिनेमात गदिमा, खेबुडकर, यादवराव रोकडे, सगळे पुरुष. समोर बसलेला प्रेक्षकही पुरुष. मध्ये उभी असलेली बाई मात्र बहुतेक वेळा महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतली, जिला गावाने टाळ्या दिल्या पण घरात घेतलं नाही.

पठ्ठे बापूराव आणि पवळा यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जातीने ब्राह्मण. पवळा महार समाजातली. तिचं रूप आणि गाणं यावर मुंबई वेडी झाली होती. तमाशातली पहिली मोठी स्त्री स्टार म्हणायला हरकत नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देणगी देऊ केली, तेव्हा आमच्या समाजाच्या बायका नाचवून आलेला पैसा नको, म्हणून डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली असं सांगतात. लावणीवरच्या प्रेमाचा हिशोब करायचा तर हा प्रसंग विसरून चालत नाही. टाळी वाजवणारा हात त्या बाईसाठी नक्की काय करतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास तर मुंबई सरकारने तमाशावर काही काळ बंदीच घातली. अश्लील म्हणून. नंतर ती अटी घालून उठवली, संहिता आधी तपासून घ्यायची वगैरे. इकडे आकाशवाणीवर, ज्यांचं खाजगी आयुष्य 'चर्चेचा विषय' आहे अशा गायिकांना दरवाजे बंद झाले होते. म्हणजे कोठ्यावरच्या बायकांना. मग १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर (पुण्याचे, आपलेच!) माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणीच जवळपास हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोन ऐकायला लागले. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. युजर एखादं फीचर मागत असतो आणि कंपनी त्याला 'तुला याची गरज नाही' म्हणून सांगत असते, तेव्हा युजर शेजारच्या कंपनीकडे जातो. हे सॉफ्टवेअरच्या आधीपासून चालू आहे :)

आणि १९५९ मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. १३१! म्हणजे अडीच वर्षं! तमाशापटांची लाट म्हणतात ती इथून उसळली. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहत होते, गावांत नवा पैसा येत होता, आणि मुंबईत गिरण्यांचे भोंगे तीन पाळ्यांत वाजत होते. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडचा माणूस लालबाग-परळमध्ये खोली घेऊन राहत होता आणि त्याला गाव हवं होतं. ते गाव त्याला पडद्यावर मिळालं. १९६४ चा 'सवाल माझा ऐका' घ्या. पुन्हा अनंत माने, पुन्हा वसंत पवार, नाचायला जयश्री गडकर आणि आवाज सुलोचनाबाईंचा. त्यातली सोळा वर्षांच्या वयावरची लावणी आजही मे महिन्यातल्या कुठल्याही वरातीत बँडवाले वाजवतातच.

इथे माझ्या आजीची एन्ट्री.

आजी लग्न होऊन कराडकडच्या एका खेड्यातून लालबागला आली ती १९६३ साली. दहा बाय बाराची खोली, सात माणसं, आजोबा गिरणीत साचेखात्यात. जवळच हनुमान थिएटर होतं. गावाकडचे नावाजलेले फड तिथे लागायचे. आजोबा पगाराच्या दिवशी दोस्तांबरोबर जायचे. आजी अर्थातच कधीच गेली नाही. 'घरंदाज बाई' तिथे जात नसे. पण लावण्या मात्र तिला ढिगाने पाठ! हे कसं? मी तिला विचारलं तर म्हणाली, "अरे, रेडिओ काय फक्त तुझ्या आजोबांचा होता काय?"

खोलीत एक मर्फीचा रेडिओ होता. संध्याकाळी मुंबई केंद्रावर कामगारांसाठीचा कार्यक्रम लागायचा. 'आपली आवड' लागायची, ज्यात फर्माईश करणाऱ्यांची आणि त्यांच्या गावांची नावं वाचून दाखवत. आजी सांगते, गाण्यापेक्षा ती नावं लक्ष देऊन ऐकायची. आपल्या बाजूच्या गावाचं नाव आलं की दिवसभर बरं वाटायचं. आणि मग सुलोचनाबाई सुरू झाल्या की चाळीतल्या बायका हातातलं काम न सोडता ऐकायच्या. भाकऱ्या थापता थापता. आजोबा पाळीवर असले तर मागून म्हणायच्यासुद्धा.

तर माझं म्हणणं असं की हा बदल साधा नाही. रेकॉर्ड आणि रेडिओने आवाज बाईपासून वेगळा काढला. दोनशे वर्षं लावणी ऐकायची म्हणजे बाईसमोर जाऊन बसणं भाग होतं, आणि तिथे बायकांना मज्जाव होता. आता आवाज एकटा घरात आला. फेटे नाहीत, दौलतजादा नाही, शिट्ट्या नाहीत. फक्त ढोलकी, तुणतुणं आणि ती. पहिल्यांदाच लावणी बायकांनी बायकांसाठी ऐकली. शृंगाराची, चावट, अर्धं सांगून अर्धं राखून ठेवणारी गाणी. सासू-सासरे दोन फुटांवर असताना, एका खोलीत, डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीने ती ऐकणं म्हणजे काय असेल, याचा मी विचार करतो तेव्हा मला हेडफोनचा शोध उगीच लागला असं वाटतं.

आणि गाणारी बाई कशी होती? तर तीही पदर घेतलेली! सुलोचनाबाईंची स्टेजवरची छबी जुन्या फोटोंत, व्हिडिओत पाहा. अंगभर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातवारे नाहीत, डोळे मोडणं नाही, कमरेची हालचाल शून्य. माइकसमोर स्थिर उभ्या. सगळी लावणी फक्त गळ्यातून. त्या नाचत नसत, आणि ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनी फार अभिमानाने सांगितली आहे. शेजारी ढोलकीवर बरेचदा मुलगा, विजय चव्हाण, जे पुढे स्वतःच ढोलकीचे मोठे कलाकार म्हणून नावाजले गेले. आई शृंगारिक लावणी म्हणतेय, मुलगा ढोलकी वाजवतोय, समोर दोन हजार लोक सहकुटुंब बसलेत. हे चित्र १९२५ च्या महाराष्ट्राला दाखवलं असतं तर विश्वास बसला नसता. अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. कार्यक्रमांतून संस्थांसाठी, शाळांसाठी पैसे उभे करून देणं हाही त्यांचा लौकिक. म्हणजे एकेकाळी ज्या कलेची देणगी नाकारली गेली, त्याच कलेवर आता शाळांच्या इमारती उभ्या राहू लागल्या.

आजीला सुलोचनाबाई का आवडतात याचं तिचं एका शब्दातलं उत्तर आहे. "घरंदाज बाई." बास.

मला या शब्दाने बरेच दिवस छळलं आहे. कारण याच काळात, याच लावण्यांवर, याच प्रेक्षकांसमोर आणखी एक बाई उभी होती. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९३५ चा जन्म, म्हणजे सुलोचनाबाईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात वाढलेली. गाणं, नाच, अभिनय तिन्हीत हुकमी. तिच्याबद्दल एक गोष्ट सगळा महाराष्ट्र सांगतो. दिवस भरलेले असताना ती फडावर नाचत होती, कळा सुरू झाल्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आली. ही गोष्ट आपण 'केवढी कलेवरची निष्ठा!' म्हणून सांगतो. मला ती ऐकताना दर वेळी वाटतं, पुढे बसलेल्यांनी तिकिटाचे पैसे सोडले असते तर? विठाबाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, त्यांच्या नावाने महाराष्ट्र सरकार आज जीवनगौरव पुरस्कार देतं. पण १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या तेव्हा शेवटचे दिवस हलाखीतच काढलेले होते.

हे सांगताना सुलोचनाबाईंना कमी लेखायचं अजिबात मनात नाही. उलट त्यांनी जे केलं ते फार अवघड होतं. पण चाहते म्हणून आपण काय केलं ते बघा. विठाबाईंच्या वाट्याला डोळे आले आणि सुलोचनाबाईंच्या वाट्याला कान. कानाने केलेल्या प्रेमात आदर ठेवणं सोपं जातं. एकीचं नाव आपण अंगावर काटा आणून घेतो, दुसरीचं कौतुकाने. आणि दोन्हींमध्ये 'घरंदाज' नावाचा तोच उंबरठा. सुलोचनाबाईंनी लावणीला उंबरठ्याच्या आत आणलं. लावणी नाचणारी मात्र बरीचशी बाहेरच राहिली.

आता परत लोरेटाबाईंकडे, कारण फरक तिथे स्पष्ट दिसतो. केंटकीतल्या बुचर हॉलो नावाच्या खाणवस्तीतली ही मुलगी. बाप कोळसा खाणीत. कोवळ्या वयात लग्न, विशीच्या आत चार पोरं. नवऱ्याने स्वस्तातली गिटार आणून दिली (इथेही नवराच!) आणि बाई गायला लागली. पण ती स्वतः लिहायची. दारू पिऊन येणारा नवरा, त्याच्यावर डोळा ठेवणारी शेजारीण, कपडे, भांडी, पोरं, सगळं तिच्या शब्दांत. १९७० साली तिने बापाच्या खाणकामावर, आपल्या गरिबीवर गाणं केलं. १९७५ मध्ये गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं आलं तेव्हा कित्येक रेडिओ स्टेशनांनी ते लावायला नकार दिला. बायका मात्र तिच्याभोवती जमल्या. साठच्या दशकात कोलोरॅडोतल्या जॉन्सन आडनावाच्या तीन बहिणींनी तिचा फॅन क्लब चालवायला घेतला आणि त्यातूनच पुढे कंट्री गायकांच्या फॅन क्लबांची एक मध्यवर्ती संघटना उभी राहिली. पत्रं, सभासदांची वर्गणी, वार्तापत्रं, सगळं घरच्या टेबलावरून. १९७२ पासून नॅशव्हिलला चाहते आणि गायक यांची जत्राच भरू लागली. गायिका स्टॉलवर बसते, चाहते रांग लावून हात मिळवतात.

आपल्याकडे सुलोचनाबाईंचा असा फॅन क्लब नव्हता. आपल्याकडे मंडळ होतं! गणेशोत्सव मंडळ, सत्यनारायणाची पूजा, कामगार कल्याण केंद्र, गावाकडची जत्रा. कार्यक्रम ठरवायचा, वर्गणी काढायची, स्टेज बांधायचं, बाईंना नारळ-शाल द्यायची. आपलं प्रेम सभासद क्रमांकाचं नाही, लाऊडस्पीकरचं. त्यात कोणाचं नाव राहत नाही. म्हणूनच कदाचित आवाज उरतो आणि बाई अनोळखी होते. 'आपली आवड'मध्ये वाचलेली ती नावं हीच आपली सभासदांची यादी, आणि ती हवेत विरली.

पुढची गोष्ट तुम्हाला माहिती आहे, कारण आपल्यापैकी कित्येकजण त्या गोष्टीचे वारस आहोत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो कधी रीतसर मिटलाच नाही. लालबाग-परळच्या खोल्या हळूहळू रिकाम्या झाल्या आणि माणसं भांडुप, मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, त्याहीपुढे डोंबिवली-विरारला पांगली. आमचं बिऱ्हाड मुलुंड पूर्वला आलं. आजोबांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. मर्फी वाटेत कुठेतरी गेला, त्याच्या जागी टेपरेकॉर्डर आला, आणि सुलोचनाबाई कॅसेटमधून पुन्हा घरात आल्या. आजी म्हणते, मुलुंडला आल्यावर पहिली दोन वर्षं भोंग्याशिवाय झोपच लागायची नाही, तेव्हा संध्याकाळी ही कॅसेट लावली की जरा लालबागला असल्यासारखं वाटायचं. गंमत बघा. मुंबईच्या मुलीने गायलेल्या लावण्या लालबागमध्ये असताना आजीला कराडची आठवण द्यायच्या. मुलुंडमध्ये त्याच लावण्या लालबागची आठवण देऊ लागल्या. गाणं तेच, हरवलेलं गाव बदललं.

नव्वदच्या दशकात लावणीचे स्टेज शो आले. सुरेखा पुणेकरांचा 'नटरंगी नार' वगैरे. मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचं दीनानाथ, असल्या नाट्यगृहांत, एसीत, नंबर घातलेल्या खुर्चीवर बसून लावणी बघता येऊ लागली. 'फक्त महिलांसाठी' असे खास प्रयोगही झाले. अशाच एका प्रयोगाला आजी आयुष्यात पहिल्यांदा लावणी 'बघायला' गेली. वय साठच्या आसपास. बरोबर सोसायटीतल्या बारा बायका. आई सांगते की मध्यंतरानंतर आजी उभी राहून शिट्टी मारायचा प्रयत्न करत होती, पण कवळीमुळे जमेना. परत येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "हनुमानला असंच असायचं का गं?" आईला काय माहीत! उत्तर देऊ शकणारे आजोबा तोवर गेले होते.

हा प्रश्न मला हनुमान थिएटरवर आजवर जे काही लिहून आलं त्या सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. घरापासून पाच मिनिटांवरची गोष्ट बघायला बाईला पस्तीस वर्षं आणि एक प्रयोग 'फक्त महिलांसाठी' लागला.

आपल्या पिढीकडे लावणी आली ती १ जानेवारी २०१० ला 'नटरंग' लागला तेव्हा. अजय-अतुलचं संगीत, बेला शेंडेचा आवाज. मी शाळेत होतो. रिंगटोन, गॅदरिंग, सगळीकडे तेच. अंधेरी-घाटकोपर मेट्रोत सकाळी नऊ वाजता शेजारच्याच्या हेडफोनमधून ढोलकी झिरपते ती बहुधा तिथलीच असते. त्याच २०१० सालचा लता मंगेशकर पुरस्कार राज्य सरकारने सुलोचनाबाईंना दिला. पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये पद्मश्री, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी. बैठकीची लावणी टिकवणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. सरकारी रिस्पॉन्स टाइम याबाबतीत कमालीचा कन्सिस्टंट आहे. असो.

आणि प्रश्न काही संपलेला नाही. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटीलच्या कार्यक्रमांवरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच. ही लावणी आहे का, हे अश्लील आहे का, कार्यक्रम बंद करा, वगैरे. कोण बरोबर कोण चूक हा वाद इथे नको. पण त्या सगळ्या चर्चांमध्ये दर दोन वाक्यांनी एक नाव यायचं. "नाहीतर आमच्या सुलोचनाबाई बघा, पदर ढळू दिला नाही." पंच्याऐंशी-नव्वद वर्षांच्या त्या बाईंचा पदर लोक दुसऱ्या एका मुलीला बडवायला काठीसारखा वापरत होते. त्यांच्या गाण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. वसंत पवारांच्या चालीत त्या शब्दाच्या शेवटाला जो झटका देतात, समेच्या आधी जी अर्धी मात्रा थांबतात, ढोलकीशी जी भांडण केल्यासारखी जुगलबंदी करतात, ते कोणालाच आठवत नव्हतं.

चाहत्यांच्या प्रेमात हा धोका असतोच. आपण कलाकारावर प्रेम करता करता तिच्याविषयीच्या आपल्या कल्पनेवर प्रेम करायला लागतो. लोरेटाच्या चाहत्यांनीही तिला 'साधी खाणमजुराची पोर' या चौकटीत बसवायचा प्रयत्न केला, पण शब्द तिचे असल्यामुळे ती दर दोन वर्षांनी चौकट मोडायची. सुलोचनाबाईंकडे शब्द दुसऱ्याचे होते, चाल दुसऱ्याची, पडद्यावर चेहरा दुसरीचा. स्वतःचा म्हणून होता तो फक्त आवाज. आणि त्या आवाजाने काय केलं, तर पुरुषाने पुरुषांसाठी लिहिलेलं गाणं चाळीतल्या बायकांच्या तोंडी दिलं. 'माझं गाणं माझं जगणं' असं त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे. माझ्या आजीपुरतं बोलायचं तर ते नाव थोडं वाढवून 'माझं गाणं, तुमचं जगणं' असंही चाललं असतं.

आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. मध्यंतरी मी तिच्या फोनवर सुलोचनाबाईंच्या लावण्यांची एक प्लेलिस्ट करून दिली. तिने दोन गाणी ऐकली आणि म्हणाली, "मधेमधे ती नावं का नाही वाचत रे?" कुठली नावं ते तुम्हाला आता माहिती आहे.

तेव्हा एक करा. पुढच्या वेळी वरातीत, हळदीत किंवा सोसायटीच्या गणपतीत ती ढोलकी सुरू झाली की नाचाच, हक्काने नाचा. पण शेजारच्या एखाद्या काकूंना किंवा आजीला सहज विचारा की त्यांनी हे गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं. चाळ, गाव, रेडिओ, कोण जवळ होतं, कोण नव्हतं. जे सांगतील ते लिहून ठेवा. लावणीचा इतिहास शाहिरांचा झाला, संगीतकारांचा झाला, थोडाफार गायिकांचाही झाला. भाकऱ्या थापता थापता ती ऐकणाऱ्या बायकांचा मात्र अजून लिहायचा राहिलाय.

पुढच्या शनिवारी भेटूच.